अंगठ्याचं माप

शनिपार, पुणे
१२ ऑगस्ट २००३

प्रिय अवधूत,

तुझं पाकीट मिळालं. चार वर्षांनी आठवण झाली, तीही कुरिअरने. पेपरातली तुझी मुलाखतही वाचली. पैसे देणाऱ्या यंत्राची कल्पना तुला म्हणे कात्रजच्या डेअरीत, दुधाच्या पिशव्या एकेक सुटताना पाहून सुचली. छान. विलायतेतही या यंत्राचे तीन-चार जनक आहेत असं ऐकते, आणि प्रत्येकजण म्हणतो पहिला मीच. मग पुण्याने का मागे राहावं?

मला आठवतं ते वेगळं आहे. नव्याण्णव साली तू आमच्या बँकेत आलास, तेव्हा तुझ्या यंत्राने आपल्या नोटांपुढे हात टेकले होते. आपल्याकडे गड्डीला स्टेपलरच्या पिना ठोकायची रीत. पिना काढल्या तरी भोकांच्या कडा एकमेकींत अडकतात आणि दोन नोटा जोडीने बाहेर येतात. तू काउंटरपाशी उभा राहून माझे हात बघत होतास. मी गड्डी आधी उलटी वाकवायची, म्हणजे कडा सुटतात, मग अंगठ्याने एकेक नोट ढकलायची. सतरा वर्षांची सवय, मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मग खडकीच्या तुझ्या वर्कशॉपमध्ये सहा रविवार. माझा हात हातात घेऊन तू अंगठ्याचं माप घ्यायचास, किती वाकतो, किती जोर लावतो. मला वाटलं, माप हे निमित्त आहे. चाळिशीची बाई, कडक इस्त्रीची साडी नेसून खडकीला यायची आणि घरी आईला सांगायची, ऑडिट आहे. सातव्या रविवारी तुझ्या शटरला कुलूप होतं. यंत्रातलं रबरी चाक माझ्या अंगठ्यासारखं एकेक नोट सोडायला लागलं होतं ना!

दोन वर्षांनी तेच यंत्र आमच्या बँकेच्या दारात बसलं आणि आम्हा कॅशवाल्यांना स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म वाटले गेले. स्वेच्छा कोणाची, हे विचारायची सोय नव्हती. माझ्याच अंगठ्याने माझी खुर्ची काढून घेतली. पण राग त्याचा नाही. हात फक्त मापापुरता हवा आहे, असं एकदा सांगितलं असतंस, तरी मी आले असते.

आता तुझा भागीदार संतोष कोर्टात गेलाय, म्हणतो चाक त्याचं. म्हणून तुला मी आठवले. 'कल्पना सर्वस्वी अवधूत यांची, मी प्रत्यक्ष साक्षीदार' असा मजकूर टाइप करून पाठवलास, आणि सही जिथे करायची तिथे पेन्सिलीने फुलीही. मला लिहिता-वाचता येतं, हे विसरलास बहुतेक.

कागद सोबत परत पाठवते आहे. तुझा मजकूर खोडून त्याखाली खरं काय घडलं ते लिहिलं आहे. एक प्रत संतोषच्या वकिलाला दिली. तुझ्या फुलीवर सही नाही केली, अंगठा उठवला आहे. माप जुळतं का बघ.

फक्त सहा रविवारांपुरती तुझी,
आनंदी