थंड कोठीतला गहू

अहो,

त्या सकाळी मी अंगण सारवत होते. तुम्ही वावरातून आलात आणि हिरव्या गव्हाचा उपटलेला झुबका माझ्या ओल्या सारवणावरच ठेवलात. मी रागावले. तुम्ही एवढंच म्हणालात, "ओंबीच नाही धरली वं यानं."

काय चुकलं होतं, ते परवा नक्की कळलं. म्हणून लिहिते आहे.

काश्मीरकडे पलटणीत असलेल्या मित्राने दिलेलं ते बी. गावाचा गहू कापणीला आला, तरी तुमचं नुसतं गवत. भाऊजी बांधावरून ओरडले, "दादा, गहू पेरला का बैलाचा चारा गा?" तुम्ही हसलात. पण उरलेलं बी राख घालून मडक्यात ठेवलंत, आणि शेवटच्या आजारात मला म्हणालात, "ते फेकजो नको."

तुमच्यामागे मी वाचायला शिकले. अक्षराखाली बोट धरून शेतकीची एक पुस्तिका वाचली. डोंगरी गव्हाला कोवळेपणी फार दिवस कडक थंडी लागते, नाहीतर तो ओंबी धरत नाही. हा गुण त्याच्या वाणातच, पिढ्यान्‌पिढ्या उतरलेला. तुमची मशागत चुकली नव्हती हो! त्याला आपल्याकडची थंडी पुरली नाही.

तुम्ही तो गहू पेरला होता त्या तुकड्यात भाऊजी संत्री लावणार होते. मी म्हटलं, "एक हंगाम थांबा. नाही आलं, तर मडकं मीच रिकामं करीन."

नवरात्रात घटासाठी भिजवतो तसं अर्धं बी भिजवलं. मोड फुटताच नागपूरच्या बर्फाच्या कारखान्यात नेलं. तिथला माणूस म्हणाला, "मावशी, इथं घट बसवून राहिल्या का?"

"हो. आरतीले तुम्हीच या."

दीड महिना ते थंड कोठीत होतं. मग शेजारी शेजारी दोन ओळी पेरल्या, एक त्या मोडांची, एक मडक्यातल्या कोरड्या बियांची.

परवा मोडांच्या ओळीत ओंब्या निघाल्या! शेजारच्या ओळीत अजून गवतच. भाऊजी वाकून दोन्ही ओळी बघून आले.

"वयनी, म्या दादाले हासलो होतो."

"हासले होते. आता संत्री दुसरीकडं लावा."

तुम्ही असताना मी का नाही वाचायला शिकले? हे मात्र सलतं.

दर वर्षी या बियाला त्याची थंडी देईन. तुमचं मडकं रिकामं होऊ देणार नाही.

काल सकाळी मी अंगण सारवलं, आणि ओल्या सारवणावर एक ओंबी ठेवली.

तुमची,
सुभद्रा