दारात थांबलेला धवला

३ फेब्रुवारी १९८७, मंगळवार

बाथरूमच्या दाराची आतली कडी काढून घेतली. सुतार म्हणाला, "चांगली आहे की बाई, कशाला काढता?" म्हटलं, अडकते. उमेश बाहेरच्या खोलीत गादीवर बसून बघत होता. त्याला कळलं. मान फिरवली फक्त.

डॉक्टरांनी सांगितलंय: एकटा सोडायचा नाही. गोळ्या आपल्या हाताने द्यायच्या. आणि ते वाजवायचं सामान नजरेआड करा. म्हणून सिंथेसायझर, रिदम मशीन, गिटार सगळं माझ्या पलंगाखाली. वरून जुनी चादर. सत्तावीस वर्षांचा भाऊ आणि मी त्याच्यापासून खेळणी लपवल्यासारखी...

आज जेवला नाही. चहा घेतला.

६ फेब्रु., शुक्र.

कॅसेटचं पेपरातलं परीक्षण त्याला पाठ झालंय. भात कालवता कालवता मधेच म्हणतो, "फुकट घालवले." पेपरवाल्याने लिहिलं होतं: दोन अस्सल गळे यंत्राच्या तोंडी देऊन फुकट घालवले. चार ओळी सगळ्या मिळून, पानाच्या खालच्या कोपऱ्यात. आमच्या सोसायटीत कोणी वाचल्याही नसतील.

दीड वर्ष राबला त्या कॅसेटसाठी. कारखान्यातली नोकरी सोडली, लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मशीन स्वतः जोडलं, खिडक्यांना गोधड्या लावून आमच्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग. इलेक्ट्रिक गिटार, सगळं रॉकसारखं दणदणीत, आणि त्यावर गायला दोन पाहुणे. करावे गावची हिराबाय, लग्नात धवले, म्हणजे विधीची गाणी, म्हणते ती. आणि दादाराव कांबळे, मार्केटात मापाडी आहेत, जलशात गायचे. कॅसेटचं नाव 'तिवरं'. डिसेंबरात आली. जानेवारीत ते परीक्षण, आणि हा असा.

आई म्हणते, फेकून दे ती खिडकीतून. म्हटलं, एकदा ऐक तरी.
"ज्याने माझं पोर खाल्लं ते मी ऐकू होय?"

एक ठरवलंय. माणसं गाठायची. कॅसेट ऐकवायची, काय वाटतं ते विचारायचं आणि घरी येऊन याला सांगायचं. एक जण जरी मनापासून म्हणाला, छान आहे, तरी...

११ फेब्रु., बुध.

ऑफिसात डबे खाताना लावली. साठेबाई: "डोकं उठलं गं बाई. पण ती म्हातारी काय गाते." साहेबांनी येता-जाता ऐकली. म्हणाले, गळा उत्तम, बाकी मिक्सर चालू ठेवल्यासारखं. नवीन टायपिस्ट प्रधान मात्र डबा तसाच ठेवून ऐकत बसला. परत लावली, परत लावली. "मॅडम, हे आपल्याकडे कोणी केलेलं नाही. तुमचा भाऊ आहे? खरंच?" त्याचे डोळे बघून मलाच भरून आलं.

धावत घरी. प्रधानचं सगळं सांगितलं, जसंच्या तसं.
उ.: किती वर्षांचा आहे?
मी: असेल बावीस.
उ.: आणि बाकीचे काय म्हणाले?
खोटं बोलता येईना मला. सांगितलं.
"मिक्सर," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

दहा जणांचं कौतुक याच्या एका कानात शिरत नाही आणि एक वाईट शब्द मात्र हाडात जातो. काय करायचं अशा माणसाचं?

१५ फेब्रु., रवि.

दादाराव आले. केळी घेऊन. उ. बाहेर आलाच नाही, तेव्हा माझ्याशीच बोलत बसले, पण मुद्दाम मोठ्याने.

"ताई, मह्या गाण्यात ढोलकी काढून ते मशीन घातलं, ते मला काही पटलं नाही बरं का. तुर्भ्याला वस्तीत लावलं तर दोन पार्ट्या झाल्या. म्हातारी माणसं म्हनली, दादाराव, शब्द कुठं गेले तुझे? ठोक्याखाली चेंगरले. पोरं म्हनली, आता आलं गाणं अंगात. मी दोघांच्या मधी उभा."

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणता?

"मह्या गाण्याचं सोडा. त्या हिराबाईचं ऐकलं का तुमी? ती एकच ओळ परत परत येते, नवरी दारात उभी आहे ती. ते ऐकून मी रडलो बघा. तसं कुणी केलंच नाही."

 दादाराव गेल्यावर आतल्या खोलीचं दार ढकललं. जागा होता.
"ऐकलंस?"
"ते चांगले आहेत, ताई. चांगली माणसं चांगलंच बोलतात."

आई देवापाशी बसून राहिली आहे. मला ऑफिसला सुट्ट्या उरल्या नाहीत. मी गेल्यावर आई एकटी त्याला काय सांभाळणार. तो उठला तर ती उठते, गॅलरीत गेला तर ती गॅलरीत. तिचे पाय सुजलेत.

२० फेब्रु., शुक्र.

दुपारी शेजारच्यांचा ऑफिसात फोन. उ. निघून गेला होता. आई अनवाणी मागे. पुलावर सापडला, खाडीकडे बघत उभा. आईने त्याचा शर्ट धरून बसकण मारली म्हणे रस्त्यावर. ट्रकवाल्याने दोघांना घरी आणून सोडलं.

डॉक्टरांनी गोळी वाढवली.

मला काही लिहवत नाही.

२२ फेब्रु., रवि.

करावेला गेले. शेवटचा उपाय म्हणून. हिराबायचं तोंडभर कौतुक घेऊन यायचं, एवढंच डोक्यात. ती घराबाहेर जाळ्याशी बसली होती. मला बघून उठली नाही.

"तुजे भावान काय केलाय, तुला म्हाईत हाय का?"

म्हटलं, काय झालं?

"मी आख्खा धवला बोलले. नवरी दारान येते, आईस रडते, मंग नवरी निंगते, सासरी जाते, दिवा लावते. त्यान काय ठेवला? दारान उबी माजी बाय, दारान उबी माजी बाय. येवराच. नवरीला निंगूच देत नाय. धवला आर्धा सोडत नाय, पोरी. आमचे सगले गावान कॅसेट वाजली. बायका मना बोलतान, हिराबाय, कुनाची लेक अडकवलीस गो?"

यंदा तिला लग्नांची बोलावणी कमी आली. तिचं म्हणणं, याच्यामुळे. तिचा आवाज चढला नाही कुठेही, ते जास्त लागलं. मी कौतुक मागायला गेले होते, खाली मान घालून ऐकत बसले.

निघताना म्हणाली, "पोरगा बरा हाय ना? का नाय आला?"
सांगितलं. सगळं. पुलाचंही.
ती उठून आत गेली. मग सुकट बांधून दिली त्याच्यासाठी.

२३ फेब्रु., सोम.

याला सांगावं की नाही. आई म्हणाली, वेडी आहेस का, हे ऐकून मरेल तो. डॉक्टर म्हणाले असते, मुळीच नाही. पण त्याने सकाळी स्वतःहून विचारलं. "हिराबाय काय म्हणाली?" मी करावेला गेल्याचं कोणी सांगितलं याला? सुकटीचा वास, दुसरं काय.

सांगितलं. काही न गाळता.

उठून बसला. किती दिवसांनी डोळे माझ्याकडे. "दिवा लावते ते कडवं होतं? मी ते कापलं?" मग म्हणाला, "मला ते कडवं आठवतच नाही, ताई."

जेवला आज. दीड पोळी.

१ मार्च, रवि.

आनंद फार लवकर झाला मला.

सकाळी उ.ने पलंगाखालून सामान ओढून काढलं. आई ओरडायला लागली. तो मास्टरचा, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचा, स्पूल शोधत होता, पुसून टाकायला. "तिची लग्नं गेली माझ्यामुळे. पुसू दे." स्पूल माझ्या कपाटात. मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले. त्याने माझे खांदे धरले, जोरात नाही. म्हटलं, पुसून काय होणार, कॅसेटी गेल्यात लोकांच्या घरी. म्हणाला, "निदान माझ्या घरातून तरी जाईल."

आईचं म्हणणं, देऊन टाक. पुसू दे, जळू दे, पोरगा तरी राहील.

आणि मला उलटं वाटतं. हे पुसलं की याच्यापाशी काही उरणारच नाही. माझं खरं की आईचं? चुकले तर कोणाला तोंड दाखवू? डॉक्टर या बाबतीत काही सांगत नाहीत. त्यांच्या गोळ्यांच्या यादीत स्पूल नाही.

शेवटी तोच दमून खाली बसला. रडला. मीही.

४ मार्च, बुध.

हिराबाय आली. वाशीच्या बाजारात टोपली रिकामी करून थेट घरी. आणि थोड्या वेळाने दादाराव. दोघं पहिल्यांदाच एकमेकांसमोर. रेकॉर्डिंग वेगवेगळ्या दिवशी झालं होतं. उ. कोपऱ्यात, गुडघे पोटाशी.

हिराबाय म्हणाली, "तू करावेला ये. मी आख्खा धवला बोलते, तो भर त्या मशीनान. झालं."

दादाराव म्हणाले, "नको बाई. आख्खा केला की तो कुणाच्याबी लग्नातला होईल. हा दारातला आहे म्हणून तो..."

"दारान ठेवायची आसते का लेक? तुजी लेक गेलीय का लगीन होऊन?"

"गेली होती," दादाराव म्हणाले. "परत पाठवली त्यांनी. दोन वर्षं झाली. तुमचं गाणं लागलं की ती उठून जवळ येऊन बसते. एवढंच एक गाणं ऐकते ती."

हिराबायने पदर तोंडाशी धरला.  आईने चहा आणला, दोघांनाही. हिराबायने बशीतला चहा दादारावांच्या आधी संपवला आणि म्हणाली, "तरी पन. मना निंगालेली बगायची हाय ती."

गेल्यावर उ. म्हणाला, "दोघांचं बरोबर आहे." मी म्हटलं, मग चांगलंच की.
"चांगलं कसं? मग मी काय करू?"

७ मार्च, शनि.

डॉक्टरांकडे गेलो, मी आणि उ. त्यांनी नेहमीसारखं मला विचारलं, झोप कशी? उत्तर त्याने दिलं. "झोप येते. पण हात जड झालेत. की-बोर्डवर बोट उचलत नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "सामान बाहेर काढलंत?" म्हटलं, त्याने काढलं. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, मग त्याच्या बाजूला माणूस हवाच. एक क्षण सोडायचा नाही.

बाहेर आलो तर त्याच्या पिशवीत छोटा टेपरेकॉर्डर. मला न दाखवता आणला होता. स्टॉपवर उभे राहिलो. आमच्या सेक्टरची बस गेली, तो चढला नाही. करावेची आली, चढला. मी मागून चढले.

तो वळला. "ताई, तू नको येऊस."
"डॉक्टर काय म्हणाले आत्ता?"
"तू माझ्याकडे बघत असलीस ना, की मला गाणं ऐकू येत नाही. तू मी जिवंत आहे का तेवढंच बघत असतेस."

खरं होतं ते. महिनाभर मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

कंडक्टर म्हणाला, "बाई, चढायचं की उतरायचं, एक काय ते ठरवा." लोक बघत होते. उ. खिडकीशी जाऊन बसला होता, पिशवी मांडीवर. तोंडावर काही नाही. बरं वाटणारं काही नाही, वाईट वाटणारंही नाही. त्याने हात हलवला असता तर मला सोपं गेलं असतं.

उतरले.

बस खाडीच्या बाजूने वळली. मग लक्षात आलं की करावेही खाडीवरच आहे.

घरी आईला सांगितलं. मला वाटलं मारेल. ती खाली बसली नुसती. "कशी उतरलीस गं तू?"   करावेला फोन नाही कोणाकडे. मी परत जाते म्हटलं तर आई म्हणाली, आता तू बस इथे, तूही गेलीस तर मी काय करू.

दिवे लागले. तो आलेला नाही. बसा अजून चालू आहेत, तासभर तरी येतील.

आई मघाशी गॅलरीतून आत आली. म्हणाली, "लाव ती."
मला कळेना.
"कॅसेट गं. काय आहे तरी काय त्यात, बघू दे मला."

लावली. पहिलं दादारावांचं, ठोके सुरू झाले तशी तिने कपाळाला आठ्या घातल्या. बंद करू का विचारलं, तर हाताने थांबवलं मला. आता हिराबायचं चालू आहे. आई भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकते आहे.