जुळलेल्या फुल्या

शनिवार, २९ डिसेंबर

आधी कालची चूक. काल मी लिहिलं की माझ्या आधी या टेबलावर काम करणारा एमरिस नोकरी सोडून गेला. तसं नाही. स्वयंपाकघर सांभाळणारी पर्ल म्हणाली होती, "एमरिस गेला ना, आता ते टेबल तुझं," आणि मी 'गेला'चा सोयीचा अर्थ घेतला. तो मागच्या उन्हाळ्यात वारला. बर्फगाडीसकट भेगेत पडला, सापडला नाही. कालच्या वाक्यावर एक रेघ मारून शेजारी खरं लिहिलं आहे. खोडलेलं नाही. बाबांनी मला दहा वर्षांची होईपर्यंत घरीच शिकवलं, मेंढ्यांची कातरणी सांभाळून. त्यांचा नियम एकच होता, चूक दिसली पाहिजे.

बाकी कालचा दिवस आनंदाचा. विमान उतरलं तेव्हा सगळे तेरा जण बाहेर उभे होते, मी चौदावी. त्यांच्यातला ठाण्याचा वैमानिक डूगल माझी पिशवी उचलत ओरडला, "आली रे मेंढ्यांच्या बेटावरची बाई! मटण आणलंस की नुसतंच शिक्षण?" मी खरंच एक अख्खी मांडी आणली होती. टाळ्या पडल्या. ठाण्याच्या खोल्या लोखंडी पायांवर उभ्या आहेत, पायांखाली बर्फ, बर्फाखाली समुद्र. हे बर्फाचं पठार तरंगतं आहे हे माहीत असूनही पावलांना पटत नाही. सूर्य मावळत नाही, म्हणून खिडकीला काळा पडदा दिला आहे.

बुधवार, २ जानेवारी

कामाची घडी बसली. विमान पठारावरून सरळ रेघांत उडतं. रडारची लहर, जिला इथे सगळे आवाजच म्हणतात, बर्फातून खाली जाते आणि तळावर आपटून परत येते. पडद्यावर तळाची रेघ उमटते, ती मी टिपते आणि जाडी लिहिते. दोन वेगळ्या दिवशी उडवलेल्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे फुली पडते. फुलीवर दोन्ही जाड्या जुळल्या तर वाचन बरोबर. ठाण्याच्या प्रमुख हेस्टर म्हणाल्या, "फुली जुळली की विषय संपला. इथे माझा एवढाच धर्म आहे."

ठाणं आणखी दहा वर्षं इथेच ठेवायचं की हलवायचं, हे या उन्हाळ्याच्या तक्त्यावर ठरणार आहे. ठाण्याखाली मी १९२ मीटर टिपले. सगळ्या फुल्या जुळतात. ९६ वर एक फिकी रेघ दिसते. ती बर्फात मुरलेल्या खाऱ्या पाण्याची, ती सोडून द्यायची असं इथल्या नियमपुस्तकात आहे.

रडारचं घड्याळ ग्रिनिचचं, म्हणजे आमच्यापेक्षा तीन तास पुढे. डूगल म्हणतो, "ते यंत्र उद्याचं जेवण आज जेवतं."

दहाच्या स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीला, पर्लने चहा ओतला तेव्हा पंधरा कप मांडले होते. एक उचलून परत ठेवताना ती पुटपुटली, "हात ऐकत नाही गं, पोरी."

सोमवार, ७ जानेवारी

प्रत्येक रेघेच्या माथ्यावर वाचणाऱ्याचं नाव येतं. कालच्या रेघेवर 'एमरिस' आलं. काल उडवलेली रेघ, काल मी वाचलेली. हेस्टरबाईंना सांगितलं. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. मग म्हणाल्या, जुन्या मांडणीतून नाव उतरलं असेल, बदलून टाक. मी बदललं.

लिहायला हवं: नावाखालचे आकडेही माझे नव्हते. सगळीकडे फिकी रेघ टिपलेली होती. ठाण्याखाली ९६. तेही मी बदलले.

गुरुवार, १० जानेवारी

पुन्हा एमरिस. पुन्हा ९६. विमानात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. आज डूगल हेडफोनमधून म्हणाला, "दोघं-दोघं गप्पा काय मारताय मागे, मलाही सांगा." मी गप्प होते. तसं सांगितल्यावर तो हसला नाही. उतरल्यावर म्हणाला, एमरिस उड्डाणभर खालचे आकडे स्वतःशी मोजायचा, त्या आवाजाची सवय राहिली असेल.

पर्लने सगळं सांगितलं. एमरिसचं म्हणणं होतं की बर्फ निम्माच आहे. हेस्टरबाई म्हणाल्या, "एक जुळणारी फुली आण, मी सगळ्यांना हलवते." त्याची एकही फुली बाकीच्यांशी जुळत नव्हती. म्हणून तो एकटाच बर्फगाडीने मोजायला गेला. पर्ल म्हणाली, "तेव्हापासून बाईंच्या तोंडून त्याचं नाव ऐकलं नाहीये. तू घेऊ नकोस."

मी तक्ता पूर्ण केला. ठाण्याखाली १९२. खाली सही केली. पाठवला.

मंगळवार, १५ जानेवारी

कोठाराचं दार अडकतंय. गेल्या आठवड्यात तासलं होतं, आज पुन्हा. सुतार म्हणाला, चौकट वाकतेय. बर्फावर चौकट का वाकेल, हे कोणी विचारलं नाही.

टेबलाच्या खालच्या खणात एमरिसची वही सापडली. शेवटच्या पानावर एकच ओळ, तीनदा लिहिलेली: दुपटीने मोजतोय. दुपटीने मोजतोय. दुपटीने मोजतोय.

गुरुवार, १७ जानेवारी

९६. दुप्पट १९२.

ज्याला मी तळ म्हणते तो तळ नाही. आवाज तळावर आपटतो, वर येतो, बर्फाच्या पाठीवरून पुन्हा खाली जातो आणि पुन्हा परततो. मी दुसरी फेरी वाचत होते. आम्ही सगळेच. फिकी रेघ हाच तळ; जवळून परतणारा आवाज यंत्र दाबतं, म्हणून ती फिकी. फुल्या जुळतात कारण प्रत्येक रेघेत चूक एकच आहे. एमरिसच्या जुळत नव्हत्या कारण तो एकटाच बरोबर होता.

इतर रेघाही तपासल्या. पंचावन्नच्या पंचावन्न रेघांत बरोबर दुप्पट.

माझी सही त्या तक्त्यावर आहे. स्वयंपाकघरात जाऊन बसले. पर्लने पाठीवरून हात फिरवला.

शनिवार, १९ जानेवारी

सांगायला गेले. हेस्टरबाई नव्या आराखड्यावर वाकल्या होत्या. आणखी दोन खोल्या, इथेच. मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या तक्त्याने किती हलकं वाटलं म्हणून सांगू. वर्षभर वाटत होतं, त्याचं ऐकायला हवं होतं."

मी आराखडा छान आहे म्हणाले. हेही लिहायला हवं.

परत येऊन यंत्र उघडलं. रेघ क्रमांक ५६ आहे. आम्ही ५५ च उडवल्या आहेत. तारीख २२ जानेवारी, ००:०४. वाचणारा: एमरिस. किनाऱ्याकडून ठाण्याकडे येते. ९६. ७१. ४०. १२. ठाण्याच्या खुणेवर आकडा नाही. एक शब्द. पाणी.

रविवार, २० जानेवारी

पुसली. परत आली. पुन्हा पुसली नाही.

मेलेल्या माणसाच्या न उडवलेल्या रेघेवरून चौदा जणांना हलवा, असं कसं सांगू? माझी चूक मात्र माझी आहे, ती सांगता येते. पण एकदा चुकलेल्या मुलीचं कोण ऐकेल — पुरावा हवा. नव्याने उडवलेली एक फुली, पहिल्या परतीवर, म्हणजे फिक्या रेघेवर वाचलेली. डूगलला म्हटलं. म्हणाला, "उद्या दुपारी नेतो, तोंड असं का गं पडलंय?"

विमानातली ती शेजारची खुर्ची आता माझ्या टेबलापाशी आहे. मी आणलेली नाही.

सोमवार, २१ जानेवारी

धुकं. उड्डाण नाही.

स्मोकोला पंधरा कप. पर्लने या वेळी एक परत ठेवला नाही. सगळ्या कपांतला चहा थरथरत होता — कोणी टेबलाला हात लावलेला नव्हता. हेस्टरबाई त्या पंधराव्या कपाकडे बघत राहिल्या, आणि प्रथमच त्यांचे डोळे भरले. तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलं. डूगलने केक पुढे केला. मी केक घेतला.

संध्याकाळी

खालून आवाज येतात. लांबट. कोणीतरी सावकाश मोजल्यासारखे —

भीती त्याची नाही वाटत. तो वर्षभर एवढंच सांगतोय, आणि मी त्याचे आकडे बदलत राहिले. दोनदा. माझ्या हाताने. तक्त्याच्या माझ्या प्रतीत १९२ वर रेघ मारली आहे. शेजारी लिहिलं आहे: ९६. नाव त्याचं घातलं आहे, माझं नाही. बाबा, चूक दिसते आहे.

फुली असो नसो. उद्या सकाळच्या हजेरीला, सगळ्यांसमोर. आत्ता नऊ वाजलेत, सगळे पडदे ओढून झोपायला गेलेत, बाहेर लख्ख ऊन आहे. झोपू देत. उद्या लांब जायचं आहे त्यांना. रेघ २२ तारखेची आहे, अजून तीन तास आहेत आमच्या घड्याळाने —

आमच्या.

रडारचं तीन तास पुढे. ००:०४ म्हणजे इथे नऊ वाजून —

दुरुस्ती. उद्या नाही. आज, सोमवार, २१ जानेवारी, आत्ता मी उठून हेस्टरबाईंचं दार