हयात की मयत

नाना, तुमचे वडील सापडले. हे आधी सांगते, कारण लांबण लावलेलं तुम्हाला चालायचं नाही. बाकीचं सावकाश लिहिते. आज सुट्टी आहे आणि धुळ्याच्या या खोलीत मला दुसरं काम नाही.

तुम्हाला आठवायला बसले की आधी चोपड्याचं जिनिंग डोळ्यांसमोर येतं. हवेत कापसाची धूळ, तुमच्या मिशा पांढऱ्या झालेल्या, आणि तुम्ही मशीन थांबवून पट्टा चढवताय. मी डबा घेऊन दारात उभी. तुम्ही हात पुसता आणि डब्याआधी माझी वही मागता. एकदा नकाशात मी तापी अंदाजाने काढली होती, ती तुम्ही खोडून टाकलीत. "माहीत नही ते काढू नको," म्हणालात, "जागा सोड." मी रडले नाही, पण त्या दिवशी तुमच्याशी बोललेही नाही. आता पाटबंधारे खात्यात पोटापाण्यासाठी नकाशेच काढते.

जागा सोडायची सवय तुम्हाला का लागली, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही आजीच्या पोटात असताना आजोबा फौजेत भरती झाले. महायुद्ध संपलं, आजूबाजूच्या गावांतले जवान परतले, ते आले नाहीत. तारही आली नाही. मग पळून गेले, कुठेतरी दुसरा संसार थाटला, असं गावानेच ठरवून टाकलं. तुम्ही चाळिशी ओलांडलीत तरी पारावर कुणी ना कुणी विचारायचंच, "नाना, तुना बाप अजून सुट्टीवर शे का?" तुम्ही हसायचात. आजी हसायची नाही. "मना कपायवर कुकू शे, म्हंजे तो शे," एवढंच म्हणायची. ती गेली तेव्हा तिला हिरवं लुगडं नेसवलं आणि तेव्हापासून तिचं पान अविधवा नवमीला वाढायचो. आखाजीला पितरांच्या घागरी भरताना आजीची घागर असायची, आजोबांची नाही. आई कधी दुसरी घागर आणू का म्हणाली, की तुम्ही उठून बाहेर जायचात. जिवंत माणसाच्या नावाने घागर भरत नाहीत, आणि ते गेल्याचं तुमच्याकडे लेखी काही नव्हतं.

ते मिळावं म्हणून तुम्ही फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करत राहिलात. इंग्रजी मजकूर मी लिहायचे, आठवीत असल्यापासून. उत्तर दर वेळी तेच, या नावाचा, या गावचा जवान नोंदीत नाही. त्या दिवशी तुमच्या ताटात अर्धी भाकर उरायची. एकदा पाकीट खिशात घालता घालता तुम्ही म्हणालात, "माले बाकी काही नको. गाव म्हनस तसा तो पयी गया का नही, एवढंच समजू दे."

तुम्ही गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी भाट आला. दर काही वर्षांनी तो आपल्या कुळाची वंशावळ वाचायला यायचा आणि तुम्हाला तो नको असायचा. दर खेपेला तेच, ओट्यावर सतरंजी, लाल फडक्यातून सोडलेली वही, भोवती गल्ली जमलेली. तो एका सुरात पूर्वजांची नावं घेत खाली येतो, आजोबांपाशी थांबतो आणि मान वर करून विचारतो, "हयात की मयत?" तुम्ही चपला घालून बाहेर पडता. आई त्याला द्यायची दादर ज्वारी सुपात घेऊन तशीच उभी. कुणीतरी खोकल्यासारखं हसतं, आणि भाट उरलेलं तोंडातल्या तोंडात आटपतो.

या वेळी उठून जाणारं कुणी नव्हतं. मी म्हटलं, माहीत नाही, पुढे वाचा. त्याने वाचलं. आजोबा लहानपणी पारोळ्याकडच्या मामाला दत्तक गेले होते, आणि मामाला स्वतःचा मुलगा झाल्यावर परत आले. मी त्याला ते पुन्हा वाचायला लावलं.

"दर खेपेला हेच वाचतो, ताई," तो म्हणाला. "नाना कधी बसलेच नाहीत."

मामाने पोर परत पाठवलं हा अपमान, म्हणून आपल्या घरात त्या गोष्टीचा उच्चार कुणी केला नसावा. मी मामाच्या गावी जाऊन शाळेतून दाखला काढला. त्यावर आजोबांच्या नावापुढे बाप म्हणून मामाचं नाव, आडनावही मामाचंच. भरतीच्या वेळी त्यांनी हाच दाखला पुढे केला असणार. त्या नावाने अर्ज केला आणि उत्तर आलं. ते पळाले नव्हते, नाना. ते परदेशात, आघाडीवर, गोळी लागून गेले. तेव्हा तुम्ही रांगतही नव्हतात. तार मामाच्या पत्त्यावर गेली होती. ती तिथून पुढे का आली नाही, हे विचारायला त्या घरात आता कुणी उरलेलं नाही.

आईला वाचून दाखवलं. तिने आधी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, आज तुझे नाना पोटभर जेवले असते. पारावर जाऊन कुणाला काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण आई डोक्यावर पदर घेऊन स्वतः गेली आणि ज्यांनी ज्यांनी तुमची थट्टा केली त्यांच्यातल्याच एकाकडून तिने ते मोठ्याने वाचून घेतलं. आखाजीला आजीच्या शेजारी तुमची आणि आजोबांची घागर भरली, वर डांगराचं फळ ठेवलं. मला या गोष्टींचं फारसं काही वाटत नाही, पण पाणी मीच ओतलं.

गेल्या आठवड्यात भाट शेजारच्या गावी आला होता, त्याला बोलावून घेतलं. आजोबांच्या नावापुढे त्याने लिहिलं, मयत, लढाईत. मग लेखणी तशीच धरून आजीच्या नावावर बोट ठेवलं. इथे सवाष्ण मेली असं लिहिलंय, म्हणाला, पण धनी तर कितीतरी आधी गेलेला, तेव्हा हे दुरुस्त करायला हवं. त्याचं बरोबर होतं. उत्तराचा कागद माझ्या हातातच होता. आई दारात उभी होती.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, तेव्हा तुमच्याजवळ कबूल करायला हरकत नाही. मी त्याला सांगितलं, सवाष्णच राहू द्या.