धर्मेशने शिवलेली पेशी

अंबरनाथ (पूर्व),
रविवार, जेवणानंतर

ती. अक्काच्या पायांशी धाकट्या चिंतामणीचा नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. दाजींचा खोकला कमी आहे हे वाचून बरं वाटलं, आणि तसं दाजी म्हणत नसून तू म्हणते आहेस म्हणून विश्वासही बसला. इकडे सर्व ठीक. वृंदाचा गुडघा जिना चढताना दुखतो आणि उतरताना दुखत नाही, त्यामुळे ती एकदा खाली गेली की बराच वेळ खालीच असते. (सोसायटीतल्या बातम्या हल्ली आमच्याकडे सगळ्यात आधी येतात.) माझी साखर डॉक्टरांच्या मते जास्त आणि माझ्या मते बेताची आहे. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाचं घालतेस. हा विषय मनाचं घालण्यासारखा नाही.

तू विचारलंस की चि. सुरुचीचं कॉलेजातलं सादरीकरण कसं झालं, आणि तिला पुढच्या संशोधनासाठी बंगळूरला पाठवावं की कराडला परत बोलवावं. लेक तुझी असली तरी तुला फोनवर ती 'झालं ठीक' यापलीकडे काही सांगत नाही. पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस की शिक्षणासाठी इतकी वर्षं ती मामाकडे राहिली, तेव्हा मामा म्हणेल ते आम्ही करू. लहानपणी दुधावर लक्ष ठेवायला सांगून तू शेजारी निघून जायचीस, त्यातलाच हा प्रकार. पण जबाबदारी टाकलीच आहेस, तर निर्णय सांगण्याआधी जे घडलं ते क्रमाने लिहितो.

मुळात पोरगी शिकते काय, हे तुला कोणी नीट सांगितलेलं नाही. माझी सगळी नोकरी रंगाच्या कारखान्यात, तेल आणि पाणी यांना एका डब्यात नांदवण्यात गेली, त्यामुळे हा विषय मला न शिकता येतो अशी माझी समजूत होती. (सुरुचीची तशी समजूत नव्हती, पण ती सोशिक आहे.) आपल्या अंगातली प्रत्येक पेशी एका पातळ पडद्यात बांधलेली असते. हा पडदा मुख्यतः मेदाच्या रेणूंचा. प्रत्येक रेणूला एक डोकं आणि दोन शेपट्या; डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना ते अजिबात खपत नाही. म्हणून हे रेणू दोन थर करून उभे राहतात, डोकी पाण्याकडे आणि शेपट्या मधे एकमेकींकडे. या पडद्यात जागोजागी प्रथिनं रुतलेली असतात. आत काय घ्यायचं, बाहेर काय टाकायचं, कोणाचा निरोप पुढे पोचवायचा, ही कामं त्यांची. आता खरी गोष्ट पुढे आहे. बाहेरचा थर आणि आतला थर सारखे नसतात. काही मेद आतल्या अंगालाच ठेवायचे असा दंडक असतो, आणि तो पाळला जावा म्हणून वेगळी प्रथिनं नेमलेली असतात. त्यातला एक मेद बाहेरून दिसायला लागला की आजूबाजूच्या पेशी समजतात, हिचं संपलं, आणि तिला खाऊन टाकतात. (त्या मेदाचं नाव मी पाठ केलं होतं, पण ते निम्मं म्हणून होईपर्यंत वृंदा चहा आणते आणि पुढचं राहून जातं.)

पेशीची वाटणी होते तेव्हा तिच्या कमरेशी प्रथिनांचं एक कडं तयार होतं. आतल्या थरातल्या मेदाला धरून ते आवळत जातं आणि एकीच्या दोघी होतात. शास्त्रात त्यांना कन्यापेशी म्हणतात. सुरुचीचा अभ्यास नेमका या कमरेचा. तिथे आतला एक दुसरा मेद थोडा वेळ बाहेर येतो आणि काम झालं की परत आत नेला जातो. तो परत गेला नाही तर कडं सुटत नाही, आणि दोघी कन्या अरुंद पुलासारख्या भागाने एकमेकींना चिकटून राहतात. एवढं समजलं तरी पुष्कळ आहे, मला समजायला एक आख्खा उन्हाळा गेला.

तर बंगळूरच्या एका संस्थेतल्या प्राध्यापक बाई उल्हासनगरला तिच्या कॉलेजात येणार होत्या, मुलांचे प्रकल्प बघून त्यातला एखादाच विद्यार्थी निवडणार होत्या. सुरुचीने संगणकावर चित्रं करून ठेवली होती. पण तिच्या विभागप्रमुखांना मॉडेलचा फार सोस. पाहुण्यांसमोर मॉडेल हवंच, असा त्यांचा हुकूम निघाला. सुरुचीला वेळ नव्हता आणि मला भरपूर होता. मी म्हटलं, तू अभ्यास कर, पेशीचं माझ्यावर सोड. इथपर्यंत माझं काहीही चुकलेलं नाही, हे कृपया ध्यानात घे.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये धर्मेश म्हणून एक सिंधी गृहस्थ आहेत. सोफ्याची कव्हरं आणि बीन बॅगा शिवतात, आणि शिवण अशी की धरून ओढलं तरी उसवत नाही. मी त्यांना कागदावर काढून दिलं. मोठ्या बीन बॅगेएवढा गोळा, कापड दुहेरी, बाहेरच्या कापडावर पांढरे मणी, आतल्यावर लाल मणी, मधे दोऱ्यांच्या शेपट्या. एका बाजूला चेन, म्हणजे ती उघडून आतला थर दाखवता येईल. कमरेभोवती नाडी, ओढली की गोळ्याचे दोन व्हावेत. प्रथिनांसाठी मी घरातली जुनी फनेलं, बाटल्यांची बुचं आणि एक नळाची तोटी दिली होती. (तोटी वृंदाने शोधायला सुरुवात केली तेव्हा ती पेशीत बसून गेली होती.) धर्मेशनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, इसमें बैठेगा कौन?" मी म्हटलं, कोणी नाही. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं, पण काम घेतलं.

आणायला गेलो तेव्हा माल तयार होता. बघताच मला वाटलं, वा. लालभडक मण्यांनी गच्च भरलेला गोळा, दिव्याखाली असा चमकत होता की शेजारच्या दुकानातली माणसं बघायला आली. रिक्षात तो माझ्याआधी बसला. रिक्षावाल्याने त्याची वेगळी सीट धरली, आणि मला कडेला टेकून अंबरनाथपर्यंत यावं लागलं. घरी आणून ठेवला. सुरुचीने दार उघडलं, गोळ्याकडे बघितलं आणि खाली बसली. म्हणाली, "मामा, ही मेलीये."

लाल मणी आत हवे होते. ते आतच राहणारे मेद. मी तसाच्या तसा धर्मेशना फोन केला. त्यांना माझं म्हणणं कळेचना. "अरे काका, लाल मोती महंगावाला है. अंदर डालेगा तो गिराईक को दिखेगा क्या? अच्छा माल हमेशा बाहर." आमच्या गल्लीत दहा पिढ्या असंच शिवतात, अशा आवाजात बोलत होते. रागवायला जागा नव्हती. आयुष्यभर ज्या माणसाने अस्तराला साधं कापड आणि दर्शनी बाजूला मखमल लावली, त्याने दुसरं काय करावं? निसर्ग चांगला माल आत ठेवतो, हे त्यांना सांगण्याइतका माझा निसर्गाशी परिचय नाही.

वृंदा म्हणाली, उशीचा अभ्रा उलटतो तसा उलटा. सल्ला चांगला होता. चेन उघडली, आणि आतल्या थर्माकोलच्या गोळ्या बाहेर आल्या. पंखा चालू होता हे माझ्या लक्षात नव्हतं. अक्का, त्या गोळ्यांना काही वजनच नसतं. त्या वर गेल्या, भिंतींना चिकटल्या, माझ्या चष्म्याच्या आत गेल्या, देवघरात गेल्या. (गणपतीच्या मांडीवर अजून एक आहे. काढायला गेलं की सरकते.) तरी आम्ही तिघांनी मिळून गोळा उलटला. लाल आत, पांढरे बाहेर. मी हुश्श केलं. तेवढ्यात सुरुचीने तोटीकडे बोट दाखवलं. पडद्यातली प्रथिनं वाटेल त्या तोंडाने बसत नाहीत, आत घेणाऱ्याचं तोंड ठरलेलं असतं. पडदा उलटला तशी फनेलंही उलटली, आणि जे साखर आत घेणार होतं ते आता साखर बाहेर ओतत होतं. म्हणजे आधी मेलेली होती, ती आता उपाशी मरणार होती. दुसऱ्या दिवशी सादरीकरण. सुरुचीने गोळा पहिल्यासारखा करायला सांगितला. चूक एकच असलेली बरी, म्हणाली.

कॉलेजात मला मागच्या बाकावर बसू दिलं. बंगळूरच्या बाई बारीक, केस पांढरे, फार न बोलणाऱ्या. त्यांनी टेबलावरच्या गोळ्याकडे पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, लाल बाहेर कसे? विभागप्रमुखांचा चेहरा उतरला. त्यानंतर जे झालं त्यात माझा भाग थोडा आहे, पण तो लपवत नाही. मी उभा राहिलो आणि सांगू लागलो की दोष मुलीचा नाही, शिवणाऱ्याचा आहे, आणि रंगाच्या डब्यातसुद्धा साय वर येते तेव्हा आपण डबा फेकत नाही, ढवळतो. मी पायसाच्या, म्हणजे तेल-पाण्याच्या मिश्रणाच्या, मुद्द्यापर्यंत पोचलो होतो. सुरुचीने वळून फक्त "मामा, बसा" म्हटलं. मी बसलो. ती घरात कधी या आवाजात बोललेली नाही.

मग ती बाईंना म्हणाली, लाल बाहेर आहेत कारण ही पेशी मेलेली आहे, आणि ती कशी मेली तिथूनच मी सुरू करते. चित्रांकडे तिने बघितलंही नाही. मेद आत ठेवणारी प्रथिनं कोणती, ती थकली की काय होतं, शेजारच्या पेशीला निरोप कसा जातो, सगळं त्या चुकलेल्या गोळ्यावर हात ठेवून. मग नाडी ओढली. गोळा कमरेत छान आवळला गेला. सोडायला गेली तर सुटेना, धर्मेशनी गाठीवर डिंक ओतला होता, गॅरंटीचा म्हणून. ती तिथेच थांबली आणि म्हणाली, माझा प्रकल्प हाच आहे. आवळायचं कसं हे पुष्कळांनी पाहिलंय, सुटायचं कसं ते मला बघायचंय. बाई खुर्ची ओढून पुढे येऊन बसल्या. त्या दोघी पुढे इंग्रजीत इतकं भरभर बोलल्या की मला काही कळलं नाही, आणि बाकीच्यांनाही कळलं नसावं. मला रडू आलं. चष्म्यात थर्माकोल गेला असं शेजारच्या मास्तरांना सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

गोळा सध्या आमच्या हॉलमध्ये आहे. वृंदा त्यावर बसून भाजी निवडते, मणी टोचतात म्हणून वर सतरंजी घातली आहे. धर्मेशना फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

आता माझं मत. बंगळूरची हवा चांगली, असं सगळे म्हणतात. पाण्याची ओरड आहे, असंही सगळे म्हणतात. मुलगी हुशार आहे, पण जेवायला तीनदा हाक मारावी लागते, आणि तिथे हाक कोण मारणार, हा प्रश्न आहेच. कराडला तुम्ही दोघं आहात, तिथे जेवण होईल, पण पेशी होणार नाही. तेव्हा सर्व बाजूंनी विचार करता माझं मत असं पडतं की नीट विचार करावा. दाजींना नमस्कार सांग. मध रात्री द्यावा, सकाळी नको.

तुझा,
चिंतामणी

ता.क. १ : वृंदाने पत्र वाचलं. तिचं म्हणणं, निकाल लिहायचा राहिला. सुरुचीची निवड झाली. त्याच दुपारी झाली. या आठवड्यात तिने होकार कळवायचा आहे.

ता.क. २ : वृंदाने परत वाचलं. आता तिचं म्हणणं, माझ्या मतात मत नाही. तिने बाहेरगावी न्यायचे डबे धुऊन पुसून ठेवले आहेत, आणि लोणचंही भरलं आहे. मला न विचारता.

ता.क. ३ : वृंदा आत पडली आहे म्हणून हे लिहितो. आमच्या घरात दुसरं मूल नाही, हे तुला ठाऊक आहे, आणि एरवी मी ते बोलत नाही. मुलीने जायला हवं, हे मला त्या बाकावरच कळलं. पण ती अजून मला विचारायला आलेली नाही, आणि दारात उभी राहून 'मामा, जाऊ?' म्हणाली तर माझ्या तोंडून 'नाही'च निघेल. ती माझं ऐकेल आणि राहील. म्हणून निर्णय माझ्यावर सोपवलास ते तेवढं परत घे. पत्र मिळताच तिला फोन करून तूच हो म्हण, आणि काही झालं तरी, मामाला विचार असं तिला सांगू नकोस.