चुन्याचा ठिपका

बाबा, तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली आणि मला आज तुमच्याशी भांडायचं आहे. जिवंत होतात तेव्हा ते जमलं नाही, कारण तुम्ही भांडायचातच नाही. विडा तोंडात टाकायचात, वाकस उचलायचात आणि लाकूड तासायला लागायचात, की समोरच्यानं गपगुमान घरी जायचं. काल तुमचं श्राद्ध झालं. कावळ्यासाठी पानावर वाडी ठेवली आणि हात धुवायच्या आत कावळा शिवला. भटजी खूश झाले, वहिनी म्हणाली, ‘बाबांचा कायएक मागे रवला नाय.’ तुमचं नसेल राहिलं. माझं राहिलंय, म्हणून सकाळचा चहा झाल्यावर पडवीत वही घेऊन बसले आहे.

समोर ज्या माडांखाली तुमच्या होड्या उभ्या राहायच्या, तिथे आता धाकट्या भावानं पर्यटकांसाठी शेड घातली आहे. नारिंगी जाकिटं ओळीनं वाळत पडली आहेत. पुण्याची एक मंडळी ती अंगात चढवून फोटो काढून घेते आहे. मला त्याचा राग नाही, त्याचा संसार त्यावर चालतो आणि तो होड्याही नीट ठेवतो. माझा राग दुसराच आहे. तो गेले तीन आठवडे प्रयोगशाळेतल्या माणसांवर काढत होते. काल वाडीसमोर हात जोडून उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की तो तुमच्यावर आहे, आणि तो चव्वेचाळीस वर्षं जुना आहे.

मी काय काम करते हे तुम्हाला कधी नीट सांगता आलं नाही. घरी बोलायचं नाही, असा नियमच होता. बाजारात कोणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, ‘चेडू सरकारात आसा. पाण्यातला कायतरी करता.’ तेवढं पुरेसं होतं, खरं सांगायचं तर. देशाच्या संरक्षणासाठी संशोधन करणारी प्रयोगशाळा, आणि तिथे आम्ही पाण्याखाली वापरायची उपकरणं तयार करतो. पूर्वी मी ती स्वतःच्या हातांनी जुळवायची, तेव्हा मी सुखी होते. गेली नऊ वर्षं मी ती जुळवणाऱ्यांना सांभाळते. पाच प्रकल्प माझ्याकडे आहेत. कुणाला माणूस कमी पडतो, कुणाचं यंत्र बंदरात अडकतं, कुणाला आणखी सहा महिने हवे असतात, आणि वर बसलेल्यांना सगळं काल हवं असतं. दर महिन्याला आढावा बैठक असते. तिच्यासाठी एक तक्ता करावा लागतो: काम वेळेवर असेल तर हिरवा चौकोन, रखडलं असेल तर पिवळा, अडलं असेल तर लाल. नऊ वर्षांत वर गेलेल्या तक्त्यावर मी लाल चौकोन पाहिलेला नाही. आमच्याकडून जाताना लाल असतो, संचालकांच्या खोलीत पिवळा होतो आणि दिल्लीत पोचेपर्यंत हिरवागार. शिकलीसवरलेली, परदेशी पदव्या घेतलेली माणसं चौकोन रंगवत बसतात! बालवाडीतली पोरंसुद्धा इतक्या बेमालूमपणे रंगवणार नाहीत. मी बैठकीत आवाज चढवते म्हणून माझ्या पाठीमागे मला ‘लाल मॅडम’ म्हणतात, हेही मला ठाऊक आहे.

आता त्या पेटीचं सांगते. गढूळ पाण्यात समोरचं काही दिसत नाही, तिथे नौदलाच्या बुडी मारणाऱ्या जवानांना दिसावं म्हणून आम्ही एक यंत्र केलं आहे. ते एका बंद पेटीत असतं आणि जवान ती छातीशी बांधून उतरतो. पेटीत बॅटरी असते. त्या बॅटरीला पाणी लागलं तर ती तापते, पेट घेऊ शकते, आणि पेटी कुठे बांधलेली असते ते मी आत्ताच लिहिलं. येत्या बुधवारी मोठ्या पाहुण्यांसमोर दोन जवान ती पेटी घेऊन समुद्रात उतरणार आहेत. मंडप पडला, निमंत्रणं गेली. आणि आमच्या टाकीतल्या चाचण्यांत पेटी तीनदा पाझरली.

ते शोधलं एका मुलीनं. लातूरकडची आहे. नोकरीला लागेपर्यंत तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. पेटीच्या आत ती निळ्या कागदाचा तुकडा चिकटवते, ओल लागली की तो गुलाबी होतो. तिसऱ्यांदा गुलाबी झाला तेव्हा काचेच्या बशीत ठेवून, दोन्ही हातांनी धरून, ती तो माझ्या टेबलापर्यंत घेऊन आली. तिच्या तोंडावरचा आनंद मला ओळखीचा होता. दोष सापडल्याचा आनंद. जगात फार थोड्या लोकांना तो होतो, आणि मला तो तुम्ही लावलात.

होडी बांधून झाली की ती पाण्यात लोटायच्या आधी तुम्ही पाणीच होडीत ओतायचात. होडी ओंडक्यांवर चढवलेली, आम्ही सगळे खाडीवरून बालद्या आणतोय, आणि मालकाला वाटायचं सुताराचं डोकं फिरलं. तुम्ही त्याला सांगायचात, ‘शेटनू, गळाचा ता हय जमिनीर गळांदे. दर्यात माझो हात पोचाचो नाय.’ मग मला हाक. मी लहानखुरी, म्हणून होडीच्या पोटाखाली सरपटत जायचं काम माझं. फळीला फळी जिथे भिडते तिथे बोट फिरवत जायचं आणि ओल लागली की चुन्याचा ठिपका द्यायचा. तेल प्यालेल्या काळ्या लाकडावर तो पांढरा ठिपका लांबून दिसायचा. तुम्ही मागून येऊन त्या जागी कापूस ठासायचात, वर राळ. नऊ वर्षांची झाले तेव्हा तुम्ही कमरेची चुन्याची डबी काढून माझ्या हातात दिलीत आणि स्वतःला दुसरी घेतलीत. शाळेतल्या कुठल्याही बक्षिसाचं मला त्यानंतर काही वाटलं नाही. ती डबी आजही माझ्या ऑफिसच्या टेबलावर आहे, लोकांना वाटतं मॅडमना जुन्या वस्तूंचा शौक आहे.

आणि मग ती नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची होडी. मी अकरा वर्षांची. मालक बाजारातला बडा माणूस, दुसऱ्या दिवशीचा मुहूर्त, पन्नास पानांचं जेवण, भटजी मालवणहून येऊन राहिलेले. मी पोटाखाली जाऊन चार ठिपके दिले. तीन तुम्ही तासाभरात बुजवलेत. चौथा मागच्या बाजूला, अगदी होडीच्या तळाच्या कण्याजवळ होता. तिथे कापूस ठासून भागणार नव्हतं, फळी उघडावी लागली असती आणि दोन दिवस गेले असते. मालक तिथेच उभा होता. तुम्ही वाकलात, ठिपक्याकडे बराच वेळ पाहिलंत आणि अंगठ्यानं तो पुसलात.

‘हयसर काय नाय,’ तुम्ही म्हणालात.

‘आसा, बाबा. माझ्या बोटाक पाणी लागला.’

‘लाकूड पाण्यात गेला काय फुगता. फट आपसूक मिटतली.’ आणि मी परत तोंड उघडलं तेव्हा, माझ्याकडे न बघता, ‘तू आता घराक जा.’

मी घरी गेले. चुलीपुढे बसून आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि नारळ खवत राहिली. मला वाटलं होतं कोणीतरी ओरडेल, कोणीतरी धावत जाईल. दुसऱ्या दिवशी वाजतगाजत होडी पाण्यात गेली, तुम्हाला मालकानं शेला दिला आणि तुम्ही तो खांद्यावर घेतलात.

होडी बुडाली असती तर माझं ऐकलं गेलं असतं. बुडाली नाही! तेरा वर्षं चालली. लाकूड फुगलं, फट बरीचशी मिटली, तुमचं खरं झालं. पण सगळी नाही मिटली, बाबा. त्या होडीवर एक म्हातारा खलाशी होता, आपल्या वरच्या वाडीतला. इतर जाळं ओढायचे, भाकरी खायचे, विडी ओढायचे. हा डालड्याचा रिकामा डबा घेऊन मागे कण्याजवळ बसायचा आणि पाणी उपसायचा. प्रत्येक खेपेला. एकदा किनाऱ्यावर मला बघून म्हणाला, ‘तुझ्या बापाशीच्या हाताक तोड नाय गो. पण हयसर जरासो झरो आसा. माका जल्माचो धंदो झालो.’ आणि हसला. मी धावत येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, ‘होडी बुडली काय? नाय मा? मगे गप.’ त्या दिवसापासून मी तुमच्या होडीखाली गेले नाही. तुम्हीही परत हाक मारली नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

सगळी खाडी तुम्हाला देवमाणूस म्हणायची. मी ऐकून घ्यायची आणि दात आवळायची. मी ठरवलं होतं की मी असं काम करीन जिथे ठिपका पुसता येत नाही. म्हणून शिकले, म्हणून गेले. आणि गेल्या आठवड्यात माझ्यासमोर संचालक बसले होते, दोन वर्षांत निवृत्त होणारे, स्वभावानं वाईट नव्हेत, आणि मला समजावत होते. ‘मॅडम, टाकीत पाणी उथळ आहे. खोल गेलं की दाबानं सील घट्ट बसतं. तुम्हाला मी शिकवायचं का?’ नको शिकवायला. बसतं सील. बऱ्याचदा बसतं. पण आमच्या पेटीचं बसतं की नाही ते पाहायला अजून तीन आठवडे लागतील, आणि मंडप बुधवारचा आहे. त्यांना अहवालात एकच वाक्य बदलून हवं होतं. ‘पेटीतून गळती’ याऐवजी ‘चाचणीच्या मांडणीतील दोष’. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, जवानाच्या छातीवर बांधायची ती तुमची मांडणी का? मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला, दार आपटून बाहेर आले. अख्ख्या मजल्यानं ऐकलं. लाल मॅडम!

इथवर लिहिताना मला फार बरं वाटत होतं. आता ते लिहिते जे टाळत होते.

शुक्रवारी मी सही केली. संचालकांनी परत बोलावलं नाही, धमकी दिली नाही. फक्त फाईल पाठवून दिली, आणि तिच्यासोबत पुढच्या वर्षाच्या मंजुऱ्यांची यादी. माझे पाच प्रकल्प, त्यांतली चाळीस माणसं, सगळ्यांचं पुढचं वर्ष बुधवारवर टांगलेलं. मी यादी वाचली. डबी तिथेच टेबलावर होती. ‘चाचणीच्या मांडणीतील दोष’, खाली माझी सही, आणि तक्त्यावर मी माझ्या हातानं हिरवा चौकोन भरला. ती मुलगी दारात उभी होती. म्हणाली, ‘मॅडम, पण कागद गुलाबी झाला होता.’ मी म्हटलं, ‘दाबाखाली सील बसेल.’ ती काही बोलणार, तेवढ्यात मी संगणकाकडे तोंड फिरवलं आणि म्हटलं, ‘तू आता घरी जा.’

शब्दनशब्द तोच, बाबा. फक्त मी प्रमाण मराठीत म्हटलं.

एवढं लिहून मी उठले आणि तिला फोन लावला. इथे शेडच्या मागे, विहिरीपाशी उभं राहिलं तरच आवाज नीट येतो. विचारलं, तो कागद आहे का. ती म्हणाली, ‘आहे, मॅडम. पण वाळून परत निळा झाला.’ ठिपका पुसायला अंगठासुद्धा लागला नव्हता. ती पुढे म्हणाली, ‘तिन्ही कागदांच्या मागे मी पेन्सिलीनं तारीख, वेळ आणि पाण्याची खोली लिहिलीय. ते खोडा असं तुम्ही म्हणाला नव्हता.’ मी तिला म्हटलं, उद्या ते कागद घेऊन संचालकांच्या खोलीत माझ्याबरोबर ये. तिनं ‘हो मॅडम’ म्हटलं, पण आवाजात भरवसा नव्हता, आणि तो मागायचा हक्क मला नाही.

उद्या मी सही मागे घेणार आहे, माझ्या हातानं लाल चौकोन भरणार आहे आणि तो दिल्लीला मी स्वतः पाठवणार आहे. प्रकल्प जातील कदाचित, मीही जाईन. ते होईल तेव्हा होईल. हे पत्र मात्र कुठे टाकायचं नाही. खाडीत सोडण्यासारखं नाटक मला जमणार नाही, वहीतच राहील.

एवढंच सांगायचं राहिलं. मला इतकी वर्षं खात्री होती की त्या पौर्णिमेच्या आदल्या रात्री तुमचा डोळा लागला नसेल. त्या खात्रीवर मी तुम्हाला बरंचसं माफ केलं होतं. शुक्रवारी सही करून मी घरी गेले, पोटभर जेवले आणि सकाळी गजर होईपर्यंत गाढ झोपले.