शपथ देण्याचा अधिकार

३ मार्च, सकाळ.
काउंटी कोर्टात रिपोर्टरची, म्हणजे साक्षी शब्दशः उतरवून घेणाऱ्याची, कायमची जागा रिकामी झाली. अख्ख्या पश्चिम कॅन्ससमध्ये माझ्याशिवाय आहे कोण? मिनिटाला दोनशे साठ शब्द, राज्याचं सर्टिफिकेट, वर शपथ देण्याचा कायदेशीर अधिकार. जोलीनही अर्ज करणार म्हणे. दोनशे तीसवाली. करू दे बापडी.
संकल्प : कोणी 'टायपिस्ट' म्हटलं तरी चिडायचं नाही.

४ मार्च.
बँकेतल्या पोरीने टायपिस्ट म्हटलं. चिडलो. उद्यापासून नक्की.

९ मार्च.
वकीलबाई ब्रेंडा शाउफ यांच्या ऑफिसात, खटल्याआधीची साक्ष. वाइगँड नावाचा कामगार धान्याच्या कोठारात मशीनच्या पट्ट्यात सापडून गेला, बायकोने ब्रेंडाबाईंमार्फत कंपनीवर दावा लावलाय. साक्षीदार तिथला मुकादम हॉस्टेटलर. या गृहस्थाने आल्या आल्या मलाच कॉफी आणायला सांगितली.
डोकंच फिरलं. त्याला समोर बसवून सुनावलं : इथे जज नसतो, शपथ देतो तो मी. खोटं बोललास तर तुरुंगात जाशील. माझी सर्टिफिकिटं, माझे अधिकार, कलमांसकट. सात मिनिटं. शॉर्टहँड मशीनवर बोटं चालूच होती. स्वतःचं भाषण स्वतः उतरवून घेणारा मी एकटाच असेन. शेवटी ब्रेंडाबाईंनी विचारलं, आता सुरू करू या का. वकिलांना कशाची कदर नसते.
मुकादम मात्र सुतासारखा सरळ झाला. पट्ट्यावरची जाळी मालकानेच काढायला लावली, हे भडाभडा बोलला. मिसेस वाइगँड रडल्या. श्रेय कोणाचं, ते लिहायला नको.

१२ मार्च.
साक्ष टाइप करून पाठवली. शेवटच्या पानावर नेहमीचा दाखला : 'साक्षीदाराला मी रीतसर शपथ दिली.' सही झोकात आली.

१९ मार्च.
मुकादम उलटला. म्हणतो, त्या दिवशी शपथ झालीच नाही, नुसत्या गप्पा होत्या. हसावं की रडावं. ब्रेंडाबाई फोनवर रडकुंडीला आलेल्या. म्हटलं, घाबरता काय, माझ्या मूळ नोंदी आहेत ना. जजबाईंसमोर स्वतः वाचतो. जागेचा निर्णयही त्यांच्याच हातात, म्हणजे मुलाखत परस्पर उरकेल.

२४ मार्च, दुपार.
वाचलं. पूर्ण भाषण, शब्दाची चूक नाही. मग ब्रेंडाबाईंचं 'सुरू करू या का'. मग पहिला प्रश्न : नाव सांगा.
पान मागे उलटलं. पुढे उलटलं. जजबाईंनी पुन्हा वाचायला लावलं. शपथेचं 'उजवा हात वर करा' कुठेच नाही.
साक्ष बाद. उद्या नव्याने. रिपोर्टर जोलीन. कायमची जागाही तिलाच.

२५ मार्च.
जोलीनने चार सेकंदांत शपथ दिली म्हणे. काही भारदस्तपणा नाही. मुकादमाला आता काही आठवत नाही. जाळी होती की नव्हती, तेही नाही.
संध्याकाळी मिसेस वाइगँड घरी आल्या. जुन्या साक्षीची प्रत हवी होती. सांगितलं, बाई, कोर्टात तिची किंमत शून्य. म्हणाल्या, माहीत आहे. एकदा तरी तो खरं बोलला होता, मुलांना दाखवायला ठेवीन. फक्त तुमचं भाषण तेवढं काढून द्या.
म्हटलं, रेकॉर्डमधला एक शब्दही काढायचा मला अधिकार नाही. त्या दारातच उभ्या राहिल्या.
भाषणाची सात पानं काढून बाकीची प्रत दिली.